फोटोग्राफर ठरवण्याआधी काय विचारावे?

तुळशीचे लग्न पार पडले की कोल्हापुरात कार्यालयांच्या तारखा, आचारी आणि बस्ता यांची धावपळ सुरू होते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे लग्नाच्या छायाचित्रणाविषयी आहेत, म्हणून हे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या मुलीचे लग्न येत्या वैशाखात कोल्हापुरात आहे. तीन फोटोग्राफरांकडे चौकशी केली. तिघांनीही मोबाइलवर अतिशय सुंदर फोटो दाखवले. पॅकेजमध्ये लिहिलेल्या गोष्टीही साधारण सारख्याच आहेत, दर मात्र बरेच वेगळे आहेत. आम्हा दोघांनाही कॅमेऱ्यातले काही कळत नाही. निवड कशावरून करावी आणि कोणते प्रश्न विचारावेत?
— एक वाचक भगिनी, राजारामपुरी

उत्तर : कॅमेऱ्यातले कळण्याची आपल्याला काही गरज नाही. आपल्याला लग्न कळते आणि निवडीसाठी तेच ज्ञान उपयोगी पडते. तिघांनी मोबाइलवर जे दाखवले ते अनेक लग्नांतून वेचून काढलेले फोटो आहेत. अनेक वर्षे काम करणाऱ्या कोणाकडेही असे पन्नासेक उत्तम फोटो सहज निघतात. म्हणून पहिली विनंती अशी करा की, ‘एका लग्नाचे, हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो आम्हाला दाखवा, आणि ते लग्न शक्यतो आमच्यासारखेच, म्हणजे उन्हाळ्यातले, दुपारच्या मुहूर्ताचे असावे.’ ज्या कुटुंबाचे फोटो दाखवायचे त्यांची परवानगी अर्थातच हवी, आणि ती काढायला फोटोग्राफरने दोन दिवस मागितले तर ती चांगली खूण समजा.

तो पूर्ण संच घरी चहा घेता घेता, घाई न करता पाहा. दुपारच्या उन्हात रंगीत कापडाच्या मांडवाखाली बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर त्या कापडाचा गुलाबी किंवा पिवळा रंग उतरतो, तो नीट काढला आहे का, हे पाहा. होमाच्या धुरात चेहरे स्पष्ट आहेत का? पंगतीचे, आज्या-आजोबांचे, मुलांचे फोटो किती आहेत, की सगळा भर वधूवरांच्या ठरीव मुद्रांवरच आहे? नवरीचा सावळा वर्ण तसाच ठेवला आहे की चेहरा गोरा करून टाकला आहे? या शेवटच्या गोष्टीविषयी माझे मत ठाम आहे. मुलीचा चेहरा तिचाच दिसला पाहिजे, आणि ‘रंग बदलू नका, चेहरा घासूनपुसून गुळगुळीत करू नका’ हे आधीच स्पष्ट सांगून ठेवले पाहिजे.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक जण विचारत नाहीत : आमच्या लग्नात प्रत्यक्ष कोण येणार? मुहूर्ताच्या तिथी मोजक्या असतात, त्यामुळे एकाच तारखेला एका स्टुडिओकडे दोन-तीन कामे असणे अगदी स्वाभाविक आहे. मालक एका ठिकाणी जातात आणि बाकीच्या ठिकाणी दिवसाच्या हजेरीवर बोलावलेले छायाचित्रकार जातात. त्यात गैर काही नाही, कारण त्यांच्यातही अतिशय कसबी मंडळी असतात. चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी जिथे स्वतःचा कॅमेरा घडवला त्या गावात हाताला वळण असलेल्या माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. मात्र ज्याचे काम पाहून आपण पैसे देतो तोच येणार असेल तर त्याचे नाव करारात लिहून घ्यावे, आणि दुसरा कोणी येणार असेल तर त्याने काढलेले फोटो आधी पाहावेत. तो ऐनवेळी आजारी पडला तर पर्याय कोण, आणि कॅमेरा बिघडला तर जोडीला दुसरा कॅमेरा असतो का, हेही याच वेळी विचारून घ्या.

माणसे किती येणार, यापेक्षा कोण कुठे उभे राहणार हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो आणि अक्षता पडतात, त्या क्षणी वधू एका बाजूला पाहत असते आणि वर दुसऱ्या बाजूला. एक माणूस एका वेळी दोन्ही चेहरे टिपू शकत नाही, म्हणून फोटो काढणारे किमान दोघे हवेत. त्यातच सभामंडपातील निम्मी मंडळी हातात मोबाइल धरून उभी राहतात आणि व्हिडिओचा दिवा धरणारा मुलगा नेमका आजीच्या समोर येतो. चांगला फोटोग्राफर या सगळ्याचा विचार करून जागा ठरवतो आणि त्या आपल्याला आधी सांगू शकतो. मोठ्या पडद्यावर थेट चित्रण दाखवायचे असेल तर त्या मिक्सिंगसाठी बसलेला माणूस प्रत्यक्ष चित्रण करत नसतो, त्यामुळे ‘पाच जणांची टीम’ असे सांगितले जाते तेव्हा त्यातले कॅमेरा हातात घेतलेले किती, हे मोजून घ्या.

आता व्हिडिओच्या आवाजाविषयी, ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. हल्लीच्या लग्नाच्या चित्रफिती दिसायला देखण्या असतात, पण त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी भरलेली असतात. मामींनी, आत्यांनी स्वतः रचून म्हटलेली मंगलाष्टके, भटजींचा खणखणीत ‘सावधान’, पंगतीत घेतलेले उखाणे, घाणा भरताना म्हटलेल्या ओव्या, पाठवणीच्या वेळी आईने लेकीला हलक्या आवाजात सांगितलेले दोन शब्द हे सारे त्या गाण्यांखाली बुजून जाते, आणि पुष्कळदा मुळात नीट नोंदवलेलेच नसते. कॅमेऱ्यावरच्या माइकला गोंगाट तेवढा ऐकू येतो. म्हणून विचारा : मंगलाष्टकांचा आवाज ध्वनियंत्रणेतून थेट घेणार का? वराच्या किंवा भटजींच्या अंगावर छोटा माइक लावणार का? छोट्या, सजवलेल्या चित्रफितीबरोबर मूळ आवाजासह पूर्ण विधींचे सलग चित्रण मिळणार का? घरातली ज्येष्ठ माणसे आज आपल्यात आहेत, त्यांचे आवाजही आज आपल्यात आहेत. फोटोच्या अल्बमइतकीच या आवाजाची किंमत आहे आणि तो टिपून घ्यायला फार मोठा खर्च येत नाही.

सिनेमाची गाणी घातलेली चित्रफीत यूट्यूबवर टाकली की त्या गाण्याच्या हक्कदाराकडून आक्षेप येऊ शकतो, ध्वनी बंदही होऊ शकतो. लग्नात आणि वरातीत गाणे वाजवण्याला प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात सूट आहे, पण ती सूट चित्रफितीत गाणे घालून ती जगापुढे ठेवण्याला लागू होत नाही.

विधींचा क्रम फोटोग्राफरला माहीत असेलच असे गृहीत धरू नये, कारण प्रत्येक समाजाची, नव्हे प्रत्येक घराची रीत थोडी निराळी असते. देवक कधी बसवायचे, सीमांतपूजन आदल्या रात्री की सकाळी, कानपिळीला कोण, झाल कोणाच्या ओटीत, नवरीला बोहल्यावर आणणारे मामा कोणते, हे एका कागदावर वेळेसह लिहून द्या आणि घरातला एखादा भाचा किंवा पुतण्या दिवसभर त्यांच्या सोबत ठेवा. नाती ओळखणारा माणूस जवळ असला की थोरल्या काकांचा एकही फोटो नाही, अशी वेळ येत नाही. फोटोग्राफरच्या मंडळींना पहिल्या पंगतीत आळीपाळीने जेवायला बसवा. नवरा-नवरीच्या पंगतीत एकमेकांना घास भरवणे आणि उखाणे असतात, त्या वेळी ते हाताशी असले पाहिजेत. शिवाय सकाळपासून उभ्या असलेल्या माणसांची आठवण कोणीतरी ठेवलीच पाहिजे.

पॅकेजमध्ये ‘दोन दिवस’ असे लिहिले असेल तर ते दिवस कोणत्या वेळी सुरू होतात आणि कधी संपतात, ते विचारा. हळद रात्री लांबली, वरातीला उशीर झाला तर जादा तासाचा दर काय? लग्नानंतर जोडपे अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या दर्शनाला जाते, घरी सत्यनारायण किंवा गोंधळ-जागरण असते. तिथे फोटोग्राफर हवा असेल तर तो वेगळा दिवस धरला जातो. देवळात कॅमेरा कुठपर्यंत नेता येतो, याबाबत तेथील व्यवस्थापनाचे नियम पाळावे लागतात. हळदीत किंवा वरातीत लेझरचे दिवे लावणार असाल तर तेही आधी सांगा, कारण लेझरचा झोत थेट भिंगात गेला तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कायमचे डाग पडू शकतात. स्वागतसमारंभ लॉनवर असेल तर वळवाचा पाऊस आल्यास काय करायचे, हे कार्यालयाच्या व्यवस्थापकांबरोबरच फोटोग्राफरशीही बोलून ठेवा.

शेवटी हातात काय मिळणार? अल्बमचा आकार, शीटची संख्या, एका शीटला दोन पाने धरतात की एक, फोटो निवडणार कोण, छपाईपूर्वी मांडणी दाखवणार का, किती वेळा दुरुस्ती करून देणार, जादा शीटचा दर काय, आणि अल्बम किती दिवसांत मिळणार, हे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आकड्यांत हवे. दोघांच्या दरातला फरक पुष्कळदा इथेच दडलेला असतो. काढलेले सगळे फोटो मिळणार की निवडलेलेच, आणि ते पूर्ण आकारात की व्हॉट्सॲपवर पाठवण्याजोगे लहान करून, हेही पाहा.

फोटो जपण्याविषयी दोन प्रश्न पुरे आहेत. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद होते का? आणि त्याच रात्री सारे साहित्य दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवले जाते का? एक कार्ड खराब झाले म्हणून लग्नाचा अर्धा दिवस कायमचा हरवू नये, इतकाच याचा हेतू आहे. हे साहित्य फार मोठे असते. चांगल्या प्रतीच्या फोर-के चित्रणाची एका तासाची फाइल सुमारे 45 जीबी भरू शकते, त्यामुळे स्टुडिओ जुनी कामे ठरावीक काळाने पुसून टाकतात. ती मुदत विचारून घ्या. आपल्याकडे हार्ड डिस्क घेऊन त्यावर सर्व उतरवून घ्या आणि दुसरी प्रत माहेरी किंवा सासरी ठेवा. पेनड्राइव्ह देण्याघेण्यापुरता ठीक आहे, वर्षानुवर्षे जपण्यासाठी त्यावर विसंबू नये.

हे सगळे बोलून झाले की दोन्ही बाजूंच्या सहीने एका कागदावर उतरवा. ओळखीचे आहेत, पाहुण्यांतले आहेत म्हणून लिहून घ्यायला संकोच वाटतो, पण ओळखीच्या माणसाशी वाद होण्यापेक्षा हा संकोच केव्हाही परवडतो. पैशांचे हप्ते असे ठेवा की ठरवताना थोडा इसार, लग्नाच्या आसपास मोठा भाग आणि अल्बम हाती आल्यावर उरलेली रक्कम. प्रत्येक वेळी पावती घ्या. दरात जीएसटी धरला आहे का, हेही विचारा. नोंदणीकृत स्टुडिओच्या बिलात तो 18 टक्के असतो आणि शेवटी अचानक पुढे आला तर हिशेब बिघडतो.

आता आपल्या तिघांकडे परत जा. या प्रश्नांना जो न कंटाळता उत्तरे देईल आणि उलट आपल्यालाच आपल्या घरच्या रीतींविषयी विचारील, त्याचा दर मधला असो वा वरचा, माझा कौल त्याला आहे.

प्रश्न : माझ्या भावाचे लग्न उचगावजवळच्या लॉनवर आहे. फोटोग्राफरने पॅकेजमध्ये ड्रोन दिला आहे आणि लग्नाआधीचे चित्रीकरण पन्हाळ्यावर करू, असे तो म्हणतो. या दोन्हींसाठी परवानगी लागते का?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : दोन्हींसाठी परवानगीचा प्रश्न येतो, आणि ती काढण्याची जबाबदारी कोणाची, हे आजच ठरवून घ्या.

ड्रोनसाठी देशभर 2021 चे ड्रोन नियम लागू आहेत. त्यानुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत कोणत्याही उंचीवर ड्रोन उडवायचा असेल तर हवाई वाहतूक नियंत्रण यंत्रणेची परवानगी लागते. उजळाईवाडीचा विमानतळ आपल्या अगदी जवळ आहे. उचगाव, सरनोबतवाडी, गोकुळ शिरगाव या परिसरातील कार्यालये त्या टापूत येतात. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपल्या लॉनची जागा पाहून खात्री करून घ्या. 250 ग्रॅमपेक्षा जास्त वजनाचा ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे चालकाचे प्रमाणपत्र असावे लागते, ते पाहायला मागा. ड्रोन लहान असला तरी विमानतळाजवळचे बंधन सुटत नाही. परवानगी नसेल तर तेवढी रक्कम पॅकेजमधून कमी करून मागणे रास्त आहे. परवानगी मिळाली तरी मंगलाष्टके चालू असताना ड्रोन मांडवाजवळ आणू देऊ नका. त्याच्या घरघरीने मंगलाष्टके ऐकू येत नाहीत, आणि लहान मुले, म्हातारी माणसे बसलेल्या गर्दीच्या डोक्यावर तो उडवणे धोक्याचे आहे.

पन्हाळा हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखालील किल्ला आहे, आणि जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या मालिकेत त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तीन दरवाजा, अंबरखाना यांसारख्या वास्तूंमध्ये तिवई, दिवे आणि वेशभूषेसह व्यावसायिक चित्रीकरण करायचे तर विभागाची परवानगी आधी काढावी लागते. ऐनवेळी पहारेकऱ्याशी हुज्जत घालणे दोन्ही घरांना शोभत नाही. रंगीत धूर सोडणे, तटाच्या कडेवर चढून उभे राहणे, असले प्रकार फोटोग्राफरने सुचवले तरी नाकारा. पावसाळ्यात तो दगड शेवाळून निसरडा होतो.

प्रश्न : लग्नानंतर आमचे फोटो फोटोग्राफरने न विचारता इन्स्टाग्रामवर टाकले. विचारले तर म्हणाला, ‘फोटो मी काढले आहेत, हक्क माझा आहे.’ हे बरोबर आहे का?
— एक नवविवाहित वाचक, शाहूपुरी

उत्तर : बरोबर नाही. प्रताधिकार कायदा, 1957 च्या कलम 17 मध्ये असे स्पष्ट आहे की, एखाद्याने मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतले असेल आणि याविरुद्ध काही करार झालेला नसेल, तर त्या छायाचित्राचा प्रथम हक्कदार ते काढून घेणारी व्यक्ती असते. ‘करार झालेला नसेल तर’ हे शब्द मात्र नीट लक्षात घ्या. पुष्कळ स्टुडिओंच्या पावतीमागे बारीक अक्षरांत ‘छायाचित्रांचे हक्क आमचे राहतील’ असे छापलेले असते आणि आपण न वाचता सही करतो. आपली पावती काढून पाहा. तसे काही नसेल तर फोटो काढून टाकण्याची मागणी लेखी करा.

ज्यांचे लग्न व्हायचे आहे त्यांनी हे बोलणे आधीच करावे. फोटोग्राफरलाही आपले काम लोकांना दाखवण्याची गरज असते, तोच त्याचा व्यवसाय आहे. काही निवडक फोटो आपल्याला दाखवून, आपल्या संमतीने त्याने टाकावेत आणि लहान मुलांचे, हळदीतले ओलेत्याचे, पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या माणसांचे फोटो टाकू नयेत, असे लिहून घेतले की दोघांचेही भागते.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी लग्न झाले. बेळगावच्या एका स्टुडिओला पूर्ण पैसे दिले. अल्बम चार महिन्यांत देण्याचे ठरले होते. अजून अल्बम नाही, व्हिडिओ नाही, आणि आता फोनही उचलत नाहीत. काय करावे?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : फोन करणे थांबवा आणि लिहा. स्पीड पोस्टने आणि ईमेल किंवा व्हॉट्सॲपनेही नोटीस पाठवा. तीत ठरलेले काम, दिलेल्या रकमा, तारखा आणि पूर्ततेसाठी पंधरा दिवसांची मुदत लिहा. पावत्या, बँकेच्या नोंदी आणि आतापर्यंतचे संदेश एकत्र करून ठेवा. लेखी करार नसला तरी हे संदेश पुरावा म्हणून उपयोगी पडतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि काही प्रकरणे तेवढ्याने मिटतात.

न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ही सेवेतील त्रुटी आहे. स्टुडिओ कर्नाटकात असला तरी आपल्याला बेळगावला खेटे घालावे लागणार नाहीत, कारण या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे आपली तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, किंवा ई-जागृती संकेतस्थळावरून, दाखल होऊ शकेल. सेवेपोटी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. अल्बम द्यायचा तो चौथा महिना उलटून गेला तेव्हापासूनचे दिवस मोजा, आणि शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका.

नोटिशीत आणि तक्रारीत पहिली मागणी मात्र पैशांची करू नका. पहिली मागणी सर्व मूळ फोटो आणि चित्रण आहे त्या स्थितीत हार्ड डिस्कवर देण्याची करा, आणि ते निकाल लागेपर्यंत पुसू नये, असेही स्पष्ट लिहा. अल्बम काय, तो पुढे कोल्हापुरात किंवा गडहिंग्लजमध्ये कोणाकडूनही छापून घेता येईल.